रात्री दोन वाजता वॉर्डात किती नर्स असतात?

मे २०२५ मध्ये उदगीरची ती ऑडिओ क्लिप आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली. कोरोनाच्या काळातलं, २०२१ मधलं संभाषण. सरकारी रुग्णालयातले दोन डॉक्टर. दाखल असलेल्या एका मुस्लिम बाईला मारून टाका असं वरिष्ठ सांगतो आहे, असा आरोप. ती बाई सुदैवाने बरी होऊन घरी गेली होती. चार वर्षांनी क्लिप बाहेर आली तेव्हा तिच्या पतीने उदगीर शहर पोलिसांकडे तक्रार दिली आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमासह गुन्हा दाखल झाला. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल.

मी उदगीरचीच. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती क्लिप एका दिवसात सात-आठ वेळा आली. मामूंनी टाकली, फुफूंच्या मुलाने टाकली, मुंब्र्याच्या खालांनी टाकली. सगळ्यांना त्यात द्वेष ऐकू आला आणि तो ऐकू यायलाच हवा होता. मला मात्र त्यासोबत आणखी एक गोष्ट ऐकू आली, कारण मी जीएनएम केलेली नर्स आहे. बातम्यांनुसार त्या संभाषणात समोरचे डॉक्टर सांगतात की ऑक्सिजन आधीच कमी केलेला आहे. आता ऑक्सिजन आपोआप कमी होत नाही. कुणीतरी फ्लोमीटरची खिट्टी फिरवतं. केस पेपरवर डॉक्टरची ऑर्डर लागते, चार्टवर किती वाजता किती लिटर आणि सॅच्युरेशन किती ते लिहावं लागतं, खाली सिस्टरची सही असते. म्हणजे त्या पाळीत, त्या खाटेजवळ एक सिस्टर होती. तिला काय सांगितलं गेलं, तिने काय लिहिलं, तो चार्ट आज कुठे आहे? आपल्या ग्रुपवर हे एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं जरा कडू आहे. द्वेषाने केलेला हलगर्जीपणा क्लिप होऊन फिरतो, म्हणून आपल्याला दिसतो. साध्या, रोजच्या, पैसे वाचवण्यासाठी केलेल्या हलगर्जीपणाची क्लिप निघत नाही. तो धर्म विचारत नाही आणि त्याने मरणाऱ्यांत आपली माणसंही भरपूर आहेत. पहिल्यासाठी आपण दोन तासांत तहसीलवर निवेदन देतो. दुसऱ्याबद्दल 'अल्लाह की मर्जी' म्हणून जनाजा उचलतो.

शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी मला नांदेडच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये लागली. नाव लिहीत नाही, आणि लिहायची गरजही नाही, कारण तशी गल्लीगल्लीत आहेत. तीस खाटा, पगार नऊ हजार, आणि रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात जमा. रात्रपाळीला आम्ही दोघी. त्यातली रजिस्ट्रेशन असलेली मी एकटी. दुसरी बारावी झालेली मुलगी, डॉक्टरांनीच 'शिकवलेली'. हाताने फार चांगली होती, शिरा माझ्यापेक्षा पटकन शोधायची. पण इन्सुलिनचे युनिट आणि एमएल यांतला फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता. यात तिचा काय दोष? तिला पाच हजार मिळायचे आणि पेशंट तिलाही सिस्टरच म्हणायचे, कारण दोघींच्या अंगावर एकच पांढरा अॅप्रन.

रात्री साधारण वीस-चोवीस पेशंट. एकाची सलाईन संपली, एकाचा कॅथेटर तुंबला, एकाला उलटी झाली, खाली इमर्जन्सी आली की आमच्यातली एक खाली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आम्हाला वर्गात पाठ करून घेतला होता. साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक, आयसीयूत एकामागे एक. इथे चोवीसमागे एक आणि एक अर्धी. अशा वेळी पहिल्यांदा काय सुटतं? इंजेक्शन सुटत नाही, कारण त्याचं बिल होतं. सुटतं ते पाणी पाजणं, तोंड पुसणं, कूस बदलणं.

कंधारकडची एक म्हातारी अर्धांगवायूने आली होती. अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. तिचा मुलगा दिवसभर बाहेर बाकावर बसलेला असायचा. "सिस्टर, मायला जरा बघा की," एवढंच म्हणायचा, तेही हात जोडून. त्याला वाटायचं आपण फार मागतोय. चौथ्या दिवशी मी चादर सरकवली तर जखम तळहाताएवढी झालेली. चार्टवर मात्र दर दोन तासांनी 'पोझिशन चेंज' लिहून सही होती. मी नसलेल्या पाळ्यांतलीसुद्धा, एकाच हातातली, एकाच पेनातली. बीपीच्या रकान्यातही तसंच, सगळ्या वॉर्डाचं १२०/८०. योजनेची फाइल पास व्हायला कागद पूर्ण लागतो. तिथे सगळे कागदाची कूस बदलत होते.

मी त्या रात्री नर्सेस नोट्समध्ये खरं लिहिलं. दोन वाजता कूस बदलता आली नाही, ड्युटीवर प्रशिक्षित नर्स एक, पेशंट चोवीस, पाठीवर अमुक मापाची जखम, डॉक्टरांना फोन केला त्याची वेळ. सकाळी इन्चार्ज सिस्टरने पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. वाईट बाई नव्हती ती. वीस वर्षं त्याच दवाखान्यात काढलेली. म्हणाली, "पोरी, नवी आहेस तू. असं लिहिलं तर पहिली तूच अडकशील." पान नव्याने लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पगार लांबला, पाळ्या बदलल्या, 'हिला काम येत नाही' सुरू झालं. प्रमाणपत्रं परत मिळवायला अब्बूंना वकील घेऊन यावं लागलं.

इन्चार्जचं वाक्य मात्र मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं, कारण ते निम्मं खरं आहे. भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवली. पुढच्या महिन्यात पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला तो दोन नर्सवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू जळालं, अकरा कोरोना रुग्ण गेले. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन नर्सना. इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा, रिकाम्या जागा, या गोष्टी नर्सच्या हातात असतात का? पण त्या वेळी वॉर्डात तिचं नाव होतं. रजिस्टरवर सही तिची होती.

म्हणूनच मी उलट म्हणते. इन्चार्ज म्हणाली लिहिलं तर अडकशील. माझं मत असं, की खोटं लिहिलंस तर नक्की अडकशील. ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी तोच चार्ट कोर्टात जाईल, आणि १२०/८० खाली सही तुझी असेल, मालकाची नाही. 'चोवीस पेशंट, एक नर्स' हे वेळ घालून लिहिलेलं वाक्य हीच नव्या नर्सजवळची एकमेव ढाल आहे. पेशंटजवळचीही. त्या म्हातारीला माझ्या त्या पानाचा फायदा झाला, असं मी म्हणणार नाही. तिला दोन दिवसांनी 'रेफर' केलं गेलं.

रेफर म्हणजे विष्णुपुरी. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. हे नाव देशभर पोहोचलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत तिथे चोवीस मृत्यू, त्यातली बारा नवजात बाळं. आणखी एका दिवसात आकडा एकतीसवर गेला. पाचशे खाटांच्या रुग्णालयात आठशेच्या वर पेशंट दाखल होते. एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला आणि त्याचा व्हिडिओ निघाला. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रखडलेली खरेदी, रिकाम्या जागा, सगळ्यावर चर्चा झाली आणि ती व्हायलाच पाहिजे होती.

पण प्रशासनाच्या खुलाशात एक वाक्य होतं, ते कुणी धरून ठेवलं नाही. यातले बरेच पेशंट खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत पाठवलेले होते, असं ते वाक्य. सरकारची जबाबदारी यातून कमी होत नाही. आठशे पेशंट येणार असतील तर आठशेंची तयारी ठेवणं हे सरकारचंच काम. तरीही खासगीत काम केलेल्या माझ्यासारखीला ते वाक्य खोटं वाटत नाही. मी रेफर होताना बघितलं आहे. नातेवाइकांचे पैसे संपत आलेत आणि पेशंटचा श्वास बिघडत चाललाय, या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे रेफरची चिठ्ठी निघते. मृत्यूची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये होते आणि नर्सिंग होमचा बोर्ड स्वच्छ राहतो. विष्णुपुरीच्या नवजात विभागात एकेका सिस्टरच्या वाट्याला किती बाळं होती आणि ती बाळं आधी कुठल्या दवाखान्यात किती तास होती, ही दोन माहितीची पानं एकत्र ठेवली असती तर झाडूच्या व्हिडिओपेक्षा जास्त कळलं असतं.

चांगली शुश्रूषा शक्य आहे का, असं कुणी विचारलं तर मी परदेशाचं उदाहरण देत नाही. अरुणा शानबाग यांचं देते. मुंबईच्या केईएममधली नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, आणि पुढची बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्या अंथरुणावर होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाचा प्रसिद्ध निकाल दिला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अहवालात नोंद होती, की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झालेला नाही. महापालिकेचं, गर्दीने फुटणारं रुग्णालय. पिढ्या बदलल्या, सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि कूस बदलत राहिली. इकडे कंधारच्या म्हातारीला चार दिवस पुरले. फरक हातांचा नव्हता, हात माझ्याकडेही दोन होते. फरक हातांच्या संख्येचा होता, आणि 'हे काम आहे' असं मानणाऱ्या माणसांचा होता.

आता आपल्या घरात येऊ. माझी दुसरी नोकरी आपल्याच एका डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये होती. दर्शनी भागात आयत, शुक्रवारी गरिबांना तपासणी मोफत, मोहल्ल्यात मोठी इज्जत. मला वाटलं इथे तरी. रात्रपाळीला इथेही एकच प्रशिक्षित नर्स, आणि बाकीच्या आपल्याच मोहल्ल्यातल्या, घरची गरज म्हणून आलेल्या, तीन-चार हजारांवर राबणाऱ्या मुली. पहिल्या ठिकाणी बुरख्यातली बाई आली की सहकारी म्हणायचे, "तुमची पेशंट आहे, तुम्हीच बघा." ते मला टोचायचं. पण इथे पेशंट सगळे 'आपलेच' होते आणि रात्री "बेटा, पीठ जल री" म्हणणाऱ्या खालांजवळ जायला माणूस इथेही नव्हतं. मी हे डॉक्टरसाहेबांना अदबीने सांगितलं. ते म्हणाले, "आपण आपल्याच दवाखान्याची बदनामी करायची का?" हा प्रश्न मी याआधी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. तलाकबद्दल बोललं की ऐकू येतो, वक्फच्या जमिनीबद्दल बोललं की ऐकू येतो. पेशंट ही अमानत आहे असं ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांनीच तो विचारावा याचं वाईट वाटलं.

लातूरचंही एक सांगायला हवं. तिथे मी शिकले. लातूर पॅटर्नच्या गावात आपल्या जमातीचं सगळं लक्ष नीटवर. दरवर्षी गुणगौरव होतो, एमबीबीएसला लागलेल्या मुलांचे फ्लेक्स लागतात, जकातीतून त्यांची फी भरली जाते. चांगलंच आहे. पण जीएनएमला, बीएस्सी नर्सिंगला गेलेल्या मुलीचा फ्लेक्स कुणी पाहिला आहे? सीरतच्या जलशात रुफैदा अल-असलमियांचं नाव अभिमानाने घेतात, मदिनेच्या मशिदीजवळ त्यांचा तंबू होता, जखमींची सेवा तिथे व्हायची. तेच लोक मुलगी रात्रपाळीला जाते म्हणून स्थळ मोडतात. माझी एक वर्गमैत्रीण याच कारणाने नोकरी सोडून घरी बसली. तिची जागा नर्सिंग होमने बारावीवालीने भरली. हा हिशेब जमातीने कधीतरी करावा. आपण प्रत्येक प्रशिक्षित मुलगी घरी बसवतो तेव्हा आपल्याच आजारी आईच्या खाटेजवळची एक नर्स कमी करतो.

आणि पगार. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने सांगितलं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान वीस हजार द्यावेत. किती वर्षं झाली मोजा. मला नऊ हजार मिळत होते आणि मी मिळणाऱ्यांतली भाग्यवान.

काही मित्र म्हणतात, लहान गावात एवढे निकष लावले तर नर्सिंग होम बंद पडतील, मग बाळंतिणी कुठे जातील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मुखेड, देगलूर, जळकोटकडे रात्री उघडा असणारा एक दवाखानासुद्धा मोठा आधार असतो. पण मग तसं स्पष्ट सांगावं, की इथे रात्री एकच नर्स आहे, गंभीर पेशंट ठेवता येणार नाही, आत्ताच पुढे न्या. आधी खाट भरायची आणि शेवटी रेफर करायचं, हे गरिबांच्या सोयीचं कसं?

कायदा नाही असं नाही. राज्याचा नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ पासून आहे, २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. नोंदणी तीन वर्षांची असते. शहरात ती महापालिका देते, जिल्ह्याच्या बाकी भागात जिल्हा शल्यचिकित्सक. अर्ज करताना नर्सिंग स्टाफची नावं आणि पात्रता द्यावी लागते. कागदावर दिलेल्या या नर्स रात्री वॉर्डात असतात का, हे बघायला कुणी जात नाही, आणि गेलात का असं विचारायलाही कुणी जात नाही. आपण पेशंटला भेटायला दहा-पंधरा जण जातो, फळं नेतो, दुआ करतो. त्यातल्या एकाने तरी काउंटरवर विचारावं, आज रात्री ड्युटीवर रजिस्टर्ड नर्स किती, त्यांचं नाव काय. एसी खोली आहे का, हे विचारतोच ना?

एक विनंती मात्र आहे. काही वाईट घडलं की समोर सापडते ती सिस्टर, म्हणून तिच्यावर हात उगारू नका. त्याविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे एक. आणि ज्याने चोवीस पेशंटमागे तिला एकटी ठेवली तो त्या वेळी घरी झोपलेला असतो, हे दुसरं. चार्टची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. प्रतीत सगळ्या रकान्यांत एकच आकडा दिसला तर तिथून पुढे बोलायला सुरुवात करता येते.

मी सध्या एका तिसऱ्या ठिकाणी आहे, तिथे रात्री तिघी असतो, तिघीही रजिस्टर्ड. नांदेड-वाघाळा महापालिकेच्या आरोग्य विभागात मी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. चार गोष्टी मागितल्या आहेत. हद्दीतल्या नोंदणीकृत नर्सिंग होमची यादी, प्रत्येकाच्या खाटा, नोंदणीवेळी दिलेल्या पात्र नर्सची संख्या, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. लातूरच्या वाचकांनी असाच अर्ज लातूर महापालिकेत टाकावा, आणि उदगीर, अहमदपूर, औसा, निलंग्याच्या वाचकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. क्लिप फॉरवर्ड करायला जेवढा वेळ लागला त्याहून थोडा जास्त लागेल. मसुदा हवा असेल तर संपादकांकडे ठेवला आहे, मराठीत आणि उर्दूत.